पॅड मागायलाच लागू नये: कोकणातल्या शाळेत हे कसं जमवायचं

पैशाच्या हिशोबाने बघितलं तर जून हा आमच्याकडचा सगळ्यात वाईट महिना. १ जूनला मासेमारी बंद होते ती थेट ३१ जुलैपर्यंत, आंब्याची मजुरी मे संपता संपता संपलेली, पडवीवर ताडपत्री घालायची असते, बियाणं-खत आणायचं असतं आणि त्यातच शाळा सुरू, म्हणजे वह्या, दप्तर, छत्री, रेनकोट. या यादीत मुलीच्या पॅडचं पाकीट कुठे येणार? शेवटी. कित्येक घरांत येतच नाही. आणि नेमकं याच दिवसांत कापड वापरायचं म्हटलं तर ते वाळत नाही, दोन दोन दिवस पडवीतल्या दोरीवर आईच्या ओल्या साडीखाली लपवून ठेवलेलं असतं आणि तसंच दमट दमट परत वापरलं जातं, मग खाज, पुरळ, जळजळ, आणि हे कुणाला सांगायचं तर त्याचीही लाज.

म्हणून शाळेसाठी काही करायचं मनात असेल तर जूनच्या आधी हालचाल करा. २८ मेला मासिक पाळी स्वच्छता दिवस असतो, फेसबुकवर बॅनर पडतात, पण त्या दिवशी आपल्याकडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते, तेव्हा तो दिवस पोस्टरसाठी नको, खरेदीसाठी वापरा.

हे सगळं कोणासाठी लिहितेय? शाळेतल्या बाई, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया, बचत गटातल्या ताया, आशा ताई, आणि मुंबईत राहून गावच्या शाळेसाठी काहीतरी करावं असं वाटणारे चाकरमानी. एकटीने होणारं काम नाही हे, पण सुरुवात एकटी करू शकते.

आधी समजून घ्या, अडतं कुठे

बऱ्याच जणांना वाटतं की पॅड आणून शाळेत दिले की काम झालं. नाही होत. पॅड मुख्याध्यापकांच्या ऑफिसातल्या कपाटात जातात, कपाटाला कुलूप, चावी एका बाईंकडे, त्या बाई ट्रेनिंगला किंवा रजेवर गेल्या की चावी सरांकडे, आणि आठवीतली मुलगी सरांकडे जाऊन चावी मागेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही आठवीतली मुलगी कधी बघितली नाही. शिवाय रजिस्टर असतं, नाव, इयत्ता, सही. सहीसाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा ती पोटात दुखतंय सांगून घरी जाते, आणि पुढचे तीन दिवस येत नाही.

शाळेत पॅड असणं आणि मुलीच्या हातात पॅड असणं यात एवढं अंतर आहे. पैसे लागतात, पण खरं काम हे अंतर मिटवायचं आहे. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून कायद्यानेच पॅड फुकट मिळतात आणि तिथे गरीब असल्याचा दाखला दाखवावा लागत नाही, जिला लागेल तिने घ्यायचं. आपल्या हायस्कुलात एवढं करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही, एक डबा पुरतो.

किती लागतात त्याचा हिशोब

चार-पाच दिवसांची पाळी आणि दर चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा असं धरलं तर एका मुलीला एका पाळीला साधारण १५ ते २० पॅड लागतात. आता बघा, आशा ताईंकडे केंद्राच्या योजनेतून मिळणारं पाकीट ६ पॅडचं, किंमत ६ रुपये. राज्याने ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना आणली त्यात जिल्हा परिषद शाळेतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत बचत गटांमार्फत, असं होतं. योजना चांगल्याच आहेत, पण एका पाकिटात एक पाळी निघत नाही, मग मुलगी एकच पॅड दिवसभर ठेवते. सकाळी साडेसातची एसटी पकडून निघालेली पोर संध्याकाळी सहाला घरी पोचते, तोवर तोच पॅड.

अजून एक गोष्ट कागदावर दिसत नाही. आपल्याकडे सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढे बहुतेक मुली कुठल्या तरी संस्थेच्या हायस्कुलात जातात, दोन-तीन वाड्या ओलांडून, साकवावरून, एसटीने. म्हणजे पाळी अंगवळणी पडायच्या वयातच मुलगी जिल्हा परिषदेच्या यादीतून बाहेर. संस्थेच्या शाळेसाठी काय मिळतं हे पंचायत समितीत उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) ऑफिसला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थेट विचारा. तोंडी नको, अर्ज देऊन पोच घ्या. आणि उलट्या बाजूने, पाचवीतल्या मुलींना विसरू नका, नऊ-दहाव्या वर्षीही पाळी येते आणि तेव्हा ती पोर अक्षरशः घाबरते, तिला वाटतं आपल्याला काहीतरी झालंय.

स्वस्तात घ्यायचं तर तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात सुविधा पॅड मिळतात, ऑगस्ट २०१९ पासून रुपयाला एक. मोठ्या संख्येने हवे असतील तर केंद्रवाल्याला आधी सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर त्याच्याकडे दहा-वीस पाकिटं असतात तेवढीच मिळतील. समजा शाळेत ६० मुली आहेत. फक्त अडीअडचणीचा डबा ठेवायचा, म्हणजे मुलीमागे महिन्याला दोन पॅड, तर १२० पॅड, १२० रुपये. आणि पूर्ण पाळीचे द्यायचे, मुलीमागे १६ धरा, तर ९६० पॅड, म्हणजे ९६० रुपये महिना, शाळेचे दहा महिने धरले तर ९,६०० रुपये. गॅदरिंगच्या मंडपाला आणि डीजेला याहून जास्त जातात, आणि तेव्हा कोणी बजेट नाही म्हणत नाही.

मुलींना विचारायचं, पण कसं

वर्गात उभं करून विचारू नका. कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही, सगळ्यांना एकसारखंच निळं पेन. प्रश्न चारच पुरे: काय वापरतेस, महिन्याला किती लागतात आणि किती मिळतात, पाळीत शाळा चुकते का, शाळेच्या टॉयलेटमध्ये बदलता येतो का आणि येत नसेल तर का. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, डबा वर्गात उघडायचा नाही. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं नीट वाचा, "कडी नाय", "पाणी नसता", "वरून पोरगे बघतत", "कचऱ्याचो डबो नाय". पॅड वाटून यातलं काहीच सुटत नाही.

हजेरीपटही बघून ठेवा. दर महिन्याला दोन-तीन दिवस गायब होणारी मुलगी पटावर लगेच दिसते, पण तिला बोलावून कारण विचारत बसू नका, फक्त आकडा कळला की बास.

डबा

आता मुख्य गोष्ट. मुलींच्या टॉयलेटच्या आत किंवा दाराशेजारी आडोशाला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा लावा. पत्र्याचा नको, खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतो. आत पंधरा-वीस पॅड, कागदी पिशव्या किंवा जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे, एक साबणवडी. कुलूप नाही, रजिस्टर नाही, सही नाही, "एकीने एकच घ्यावा" अशी पाटी नाही. दर सोमवारी भरायचा, आणि भरायचं काम नववीच्या दोन मुलींकडे द्या, दोघी असल्या की एक गैरहजर असली तरी अडत नाही. बाईंनी फक्त स्टॉक बघायचा.

पहिले काही आठवडे डबा सारखा रिकामा होणार. हे आत्ताच सांगून ठेवते कारण तिथेच बरेच जण माघार घेतात, स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणणारच, बघा, पोरी घरी नेतात, आईला देतात, बहिणीला देतात. नेऊ देत की. घरी नाहीत म्हणूनच नेतात ना, चैन म्हणून कोणी पॅड जमवत नाही. डबा परत भरा. डबा उद्याही असणार याची खात्री पटली की साठवून ठेवणं आपोआप कमी होतं आणि मग दर आठवड्याला किती लागतात त्याचा अंदाज येतो. कुलूप घातलंत की सगळं मुसळ केरात.

मोठा स्टॉक कुठे ठेवायचा हा पावसातला खरा प्रश्न. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवले तर आठवड्यात ओल चढते, बुरशी येते, उंदीर कापूस ओढतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवा, पिंप फळीवर किंवा बाकावर, भिंतीला चिकटवून नाही. जांभ्याच्या भिंती पावसात कशा पाझरतात ते सांगायला नको.

पॅडबरोबर अजून दोन गोष्टी ठेवाच. एक, निकर, वेगवेगळ्या मापाच्या नव्या. याबद्दल कोणीच बोलत नाही, पण ज्या मुलीकडे दोनच निकर आहेत आणि त्याही सैल झालेल्या, तिच्या अंगावर पॅड नीट बसतच नाही, सरकतो, डाग पडतो, मग पॅडचा उपयोग काय. दोन, युनिफॉर्मच्या एक-दोन जादा सलवारी किंवा स्कर्ट, मागच्या वर्षी पास होऊन गेलेल्या मुलींकडून मिळतात, धुऊन इस्त्री करून ठेवायच्या. डाग पडला तर बदलून वर्गात परत बसता आलं पाहिजे, ओढणी कमरेला बांधून घरी जायला लागू नये.

टॉयलेट

इथे जरा वेळ द्या, कारण पैसे असले तरी काम इथेच अडतं. कोकणात पाऊस धो धो पडतो पण कातळावर पाणी थांबत नाही, मार्चनंतर विहिरी तळाला जातात आणि शाळेची टाकी कोरडी पडते, मग शिपाई काका टॉयलेटला कुलूप लावतात, का तर घाण होते. त्यांचंही बरोबर, धुवायला त्यांनाच लागतं. उन्हाळ्यात पाण्याची सोय म्हणजे झाकणाचं एक भरलेलं पिंप आणि एक मग्गा, एवढं तरी टॉयलेटमध्ये ठेवायचं. पंप असेल तर त्याचं वीजबिल कोण भरतं ते विचारा, बिल थकल्यामुळे पंप बंद आणि पंप बंद म्हणून टॉयलेट बंद, ही साखळी बऱ्याच शाळांत सापडेल.

टॉयलेटमध्ये उभं राहून, दार आतून लावून स्वतः बघा. कडी लागते का? दाराखालची फट किती? खिडकी अशी आहे का की बाहेरच्या गडग्यावर चढलं तर आत दिसतं? दप्तर, ओढणी अडकवायला खिळा आहे का? पावसाळ्यातल्या दुपारी लाइट गेली तर आत उजेड किती? कडी, खिळा, खिडकीला जाळी आणि अपारदर्शक काच, ही गावातल्या सुताराची एका दिवसाची कामं आहेत, त्यासाठी योजनेची वाट बघत बसू नका.

आणि चावी. मुलींच्या टॉयलेटची चावी मुलींच्या वर्गात खिळ्यावर टांगलेली हवी, ऑफिसात नाही.

कापडी, कप, की साधे पॅड

यावर सोशल मीडियावर बरेच वाद चालतात, माझं मत साधं आहे, मुलीला जे झेपेल ते. कापडी पॅड स्वस्त पडतात, वर्षं-दोन वर्षं टिकतात, पण ते गार पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळायला लागतात. जून ते सप्टेंबर ऊन नाही, एप्रिल-मे मध्ये पाणी नाही. म्हणून पावसात साधे पॅड आणि दिवाळीनंतर मार्चपर्यंत ज्यांना हवं त्यांनी कापडी, असं मिश्रण आपल्याकडे चालतं. पावसात कापड वापरायचंच असेल तर साध्या सुती घडीला गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करायची, आत प्लास्टिकचा थर शिवलेला असेल तर मात्र इस्त्री नको. आणि वाळत घालताना लपवू नका हे सांगणं सोपं आहे, ज्या घरात पाळीतल्या बाईला चार दिवस बाजूला बसवतात तिथे मुलगी उघड्यावर दोरीवर घालणार नाही, तिला परसात किंवा मांगरामागे का होईना पण ऊन येणारी जागा मिळते का ते आईशी बोला.

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत आत बसवायचा आणि धुऊन परत वापरायचा कप, चांगलाच आहे, एक घेतला की वर्षानुवर्षं चालतो. केरळात अलाप्पुळा नगरपालिकेने २०१९ मध्ये हजारोंनी कप वाटले आणि तिथल्या कुंबळंगी गावाने २०२२ मध्ये पॅडमुक्त गाव व्हायचं ठरवलं. पण तिथे बायांशी बोलून, शिकवून मग दिले. शाळकरी मुलींना सरसकट कप वाटू नका, घरी उकळायला वेगळं भांडं, धुवायला पाणी, एकांत आणि आईची संमती या चारही गोष्टी लागतात. मोठ्या मुलीला स्वतःला हवा असेल तर जरूर, वाटपाची वस्तू म्हणून नको.

वापरलेले पॅड कुठे टाकायचे

हे कोणाला आवडत नाही पण टाळता येत नाही. टॉयलेटात टाकले तर शोषखड्डा तुंबतो, मागच्या झाडीत टाकले तर कुत्री ओढून अंगणात आणतात, खाडीत टाकले तर भरतीला परत येतात. शाळेत पॅड द्यायचे तर झाकणाचा, पायाने उघडणारा कचऱ्याचा डबाही द्यायचाच, दोन्ही एकाच दिवशी.

वापरलेला पॅड कंपनीने दिलेल्या पाऊचमध्ये किंवा कागदात नीट गुंडाळून द्यायचा. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं, २०२६ च्या नव्या नियमांत वेगळा द्यायचा आहे. गुंडाळीवर लाल पेनाने ठिपका काढला की कचरा गोळा करणाऱ्या बाईला न उघडता कळतं. ग्रामपंचायतीची घंटागाडी शाळेपर्यंत येत असेल तर सगळ्यात उत्तम. येत नसेल तर खड्डा, पण विहिरीपासून लांब, कारण जांभ्यात भेगा असतात आणि पाणी कुठून कुठे झिरपेल सांगता येत नाही, आणि किनाऱ्याच्या वाळूत तर दोन-तीन हात खणलं की पाणी लागतं, तिथे खड्डा नकोच.

देणगीदार हौसेने पॅड जाळायचं मशीन देतात. मशीन भिंतीवर छान दिसतं. घेण्याआधी विचारा की ते ८०० अंशांच्या वर जातं का, धुराडं छपराच्या वर जातं का, बिघडलं तर दुरुस्तीला कोण येणार, रत्नागिरीहून की पुण्याहून. कमी तापमानाला प्लास्टिक अर्धवट जळतं आणि तो धूर मुलींच्याच वर्गात येतो. आणि पाकिटावर बायोडिग्रेडेबल लिहिलेलं असलं तरी मातीत फेकू नका, ऑक्सो-बायोडिग्रेडेबल म्हणजे प्लास्टिकचेच बारीक तुकडे होतात.

पैसे कुठून

सरकारी पैसा आहे, मागायला कोणी जात नाही म्हणून पडून राहतो किंवा भलतीकडे जातो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करावाच लागतो. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, टाकी, नळ, टॉयलेट दुरुस्ती त्यात बसते. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान येतं त्यातही स्वच्छतेसाठी वाटा ठेवायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यातच तरतूद आहे, तिथे ठराव घ्या, मग ग्रामसभेत तो वाचायला लावा. बायका महिला सभेत बोलतात, ग्रामसभेत पुरुषांसमोर पाळीवर बोलायला कचरतात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. अर्ज साधाच लिहा:

"मा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये पाचवी ते दहावीच्या ६० मुली शिकतात. त्यांच्यासाठी वर्षभराचे सॅनिटरी पॅड, अंदाजे ९,६०० रुपये, महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून मिळावेत. तसेच मुलींच्या शौचालयाला पाण्याची टाकी, कडी आणि झाकणाची कचरापेटी पाणी-स्वच्छतेच्या निधीतून द्यावी. महिला सभेच्या ठरावाची प्रत सोबत जोडली आहे. पोच मिळावी."

सरपंच म्हणाले बघू, तर पुढच्या आठवड्यात परत जा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला हव्यात, त्यातल्या दोघी सोबत घ्या. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असली पाहिजे असा मार्च २०२२ चा शासन निर्णय आहे, बऱ्याच ठिकाणी ती फक्त भिंतीवरच्या फलकावर असते, तिची बैठक लावा आणि पॅडचा डबा हा पहिला विषय घ्या. मुख्याध्यापक हा शाळेचा विषय नाही म्हणाले तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शाळकरी मुलींच्या पाळीसाठी देशभर एकसारखं धोरण करायला केंद्राला सांगितलं होतं, हे शांतपणे त्यांच्या कानावर घाला.

आणि आपली दुसरी बँक म्हणजे मुंबई. प्रत्येक गावाचं ग्रामस्थ मंडळ असतं, गणपतीत येताना वह्यावाटप, दप्तरवाटप ठरलेलं. यंदा वेगळं मागा. मंडळाच्या ग्रुपवर एप्रिलमध्येच टाका, गणपतीच्या तोंडावर नको:

"नमस्कार मंडळी, यावर्षी वह्यांबरोबर शाळेतल्या मुलींसाठी पॅड द्यायचे आहेत. एका मुलीचा वर्षाचा खर्च साधारण १६० रुपये. वस्तू पाठवू नका, पैसे शाळेच्या खात्यात भरा, पावती मिळेल. खरेदी आम्ही तालुक्यालाच करू. वाटपाचा कार्यक्रम आणि फोटो नाहीत."

शेवटच्या वाक्यावर भांडण होईल, होऊ द्या. शाल-श्रीफळ घेऊन पाहुणे स्टेजवर, मुली रांगेत, हातात पॅडचं पाकीट आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात, हे ज्या मुलीच्या बाबतीत झालंय ती परत त्या डब्याला हात लावत नाही. सत्कारच करायचा असेल तर टाकी बसवणाऱ्याचा करा.

बोलायचं कोणी आणि काय

आरोग्य केंद्राच्या सिस्टर किंवा आशा ताई येऊन तासभर बोलल्या तर उत्तम, पण मुलग्यांना ग्राउंडवर पिटाळून नको. त्यांनाही वेगळ्या तासात नीट सांगा, पाळी म्हणजे काय, का येते, डाग दिसला तर हसायचं नाही, गप्प राहायचं किंवा बाईंना सांगायचं. ज्यांना कोणी काही सांगितलेलं नसतं तेच जास्त खिदळतात. शाळेत बाईच नसतील, आणि अशा शाळा आपल्याकडे आहेत, तर गावातली एखादी काकी, बचत गटातली किंवा अंगणवाडीतली, आठवड्यातून एकदा यायची ठरवा.

आयांची बैठक वेगळी घ्या, दुपारी, मासळीबाजार आटपल्यावर. तिथे एखादी आजी म्हणणारच, "आमच्या टायमाक ह्या सगळा खय होता?" तिला उडवून लावू नका, उलट विचारा की आजी, तुम्ही तेव्हा काय करायचात, पावसात कसं वाळवायचात. ती बोलायला लागली की बाकीच्या बोलतात, आणि निम्म्या वेळा शेवटी तीच सांगते की शाळेत देतत तर देऊ देत. शिवाशिवीवर मात्र पहिल्याच बैठकीत वाद काढू नका, देवघर आणि पॅड हे दोन विषय एकत्र केले की दुसऱ्या बैठकीला कोणी येत नाही.

गणपतीच्या आधी एक गोष्ट आयांना आणि मुलींना स्पष्ट सांगा. घरात बाप्पा येणार म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला दिल्या जातात. ते हार्मोनचं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीनेच द्यायचं, नंतर पाळीचं गणित बिघडू शकतं आणि काही जणींना ते धोक्याचंही असतं.

दवाखान्यात कधी न्यायचं तेही सांगून ठेवा. एक-दोन तासांत पॅड भरतोय, आठ दिवसांवर रक्त जातंय, दुखण्याने दर महिन्याला शाळा चुकतेय, किंवा सोळावं लागलं तरी पाळी नाही, तर ग्रामीण रुग्णालयात जा, किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक तिथे विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली बाकाखाली टाकतात, रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं म्हणून. खिचडी खाल्ल्यावर द्या, मग घेतात.

टिकवायचं कसं

एका बाईंच्या उत्साहावर चाललेलं काम त्यांची बदली झाली की बंद पडतं. म्हणून एक वही ठेवा, मुलींच्या नावांची नव्हे, स्टॉकची: किती आले, किती डब्यात टाकले, कोणाकडून घेतले, केंद्रवाल्याचा फोन नंबर, पैसे कोणत्या खात्यातून. बदली झाली की वही पुढच्या बाईंच्या हातात, नाहीतर समितीतल्या आईकडे.

सुट्ट्या विसरू नका, पाळीला दिवाळी आणि मे कळत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकीला पाकीट घरी द्या, सगळ्यांना, गरीब-श्रीमंत न निवडता, कागदी पिशवीत, निकालपत्रासारखं हातात. उन्हाळी सुट्टीआधी दोन पाळ्यांपुरते द्या, आणि त्याच आठवड्यात जूनची ऑर्डर तालुक्याला देऊन या, एकदा पाऊस लागला की घाटात दरड येते आणि माल वरच अडकतो.